अरे-तुरेचा घाव: दशावतारी आख्यान ‘गांडीवप्रतिज्ञा’

चारचौघांत, रागाच्या भरात थोरल्याला एकेरी हाक मारली की काय होतं, ते कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भावकीच्या बैठकीत जमिनीवरून आवाज कितीही चढले तरी माणसं ऐकून घेतात. पण धाकट्याच्या तोंडून थोरल्याला ‘तू कोण सांगणारा?’ निघालं, की पुढे कित्येक वर्षं त्या घरात गणपती एक आणि चुली दोन. महाभारताच्या कर्णपर्वात नेमक्या अशाच एका एकेरी हाकेवर धर्मराजाचा जीव वाचतो. त्या प्रसंगावर बेतलेलं ‘गांडीवप्रतिज्ञा’ हे आख्यान वेंगुर्ले तालुक्यातल्या एका किनारी गावाच्या जत्रेत लागलं होतं. मोसमासाठी आख्यान निवडणाऱ्या देवस्थान समित्यांना आणि वाडीतल्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण. नाटक करणाऱ्या मंडळीचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. एका रात्रीवरून कुणाच्या वर्षभराच्या नाटकांना बट्टा लागायला नको.

आधी मूळ प्रसंग, कारण तो ठाऊक नसेल तर नाटकात काय जमलं आणि काय फसलं ते कळणार नाही. युद्धाचा सतरावा दिवस. कर्ण सेनापती. त्याने धर्मराजाला बाणांनी जर्जर केलंय आणि धर्मराज रण सोडून शिबिरात येऊन पडलाय. अर्जुन त्याची विचारपूस करायला कृष्णाबरोबर येतो. धर्मराजाला वाटतं, हे दोघे आले म्हणजे कर्ण पडला. तो आनंदाने विचारू लागतो, कसा मारलास, सांग. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर तो आनंद उलटा फिरतो. धर्मराज नको ते बोलतो: तू कुंतीच्या पोटी आला नसतास, पाचव्या महिन्यात गर्भातच गळून गेला असतास तर बरं झालं असतं, तुझ्या त्या गांडीव धनुष्याचा धिक्कार असो, ते कृष्णाला दे. अर्जुन तलवार उपसतो. कारण त्याने मनाशी एक व्रत धरलेलं असतं, कुणाला न सांगितलेलं, ज्याला मूळ ग्रंथ उपांशुव्रत म्हणतो: जो मला ‘गांडीव दुसऱ्याला दे’ म्हणेल त्याचं शिर उडवीन.

आता कर्तव्य कोणतं? शब्द पाळायचा तर बापाच्या जागी असलेल्या भावाला मारायचं. भाऊ वाचवायचा तर क्षत्रियाची प्रतिज्ञा मोडायची. कृष्ण आधी अर्जुनाला झाडतो: तू वडीलधाऱ्यांची सेवा केलेली नाहीस, म्हणून तुला धर्माचा बारकावा कळत नाही, प्राण्याचा वध न करणं हे सगळ्यांत श्रेष्ठ, वेळ पडली तर खोटं बोलावं पण हिंसा करू नये. मग तो बलाक व्याधाची आणि कौशिक ब्राह्मणाची अशा दोन गोष्टी सांगतो. आणि शेवटी वाट काढतो: ‘त्वमित्युक्तो हि निहतो गुरुर्भवति भारत’. मानाने वागवायच्या माणसाला ‘तू’ म्हटलं की तो मेल्यातच जमा. तेव्हा धर्मराजाला ‘तू’ म्हण, तुझी प्रतिज्ञा पुरी झाली.

गोष्ट इथे थांबत नाही. अर्जुन थोरल्या भावाचे वाभाडे काढतो: तू रणापासून कोसभर लांब बसणारा, जुगाराचं व्यसन तुझं, राज्य घालवलंस तू, बोलायचा अधिकार असलाच तर भीमाला आहे, तुला नाही. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटते आणि तो पुन्हा तलवार काढतो, या वेळी स्वतःवर. कृष्ण पुन्हा वाट काढतो: आपल्या तोंडाने आपली थोरवी गाणं म्हणजे आत्महत्याच; तेवढं कर. एका अध्यायात दोन मरणं होतात आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत हा भाग कर्णपर्वाच्या ४९व्या अध्यायात आहे.

दशावतारासाठी याहून सोयीचा मजकूर शोधून सापडायचा नाही. कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं, लिखित संहिता नसलेलं हे नाटक. व्यवस्थापक संध्याकाळी आख्यान ‘लावून’ देतो, म्हणजे कथा, प्रवेशांचा क्रम आणि कुणी कुठे काय तोडायचं ते सांगतो. बाकीचे संवाद नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात. युक्तिवाद हाच ज्याचा जीव आहे असं आख्यान अशा नटांच्या हाती रंगलंच पाहिजे. इथे ते अर्धं रंगलं, आणि उरलेलं का फसलं ते सांगण्यासारखं आहे.

पालखीची प्रदक्षिणा आटोपून नाटक उभं राहायला पावणेएक वाजला. आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि शेवटी वेद चोरणारा संकासुर, हे सगळं पस्तीस मिनिटांत उरकलं. घाई जाणवली, पण संकासुराने भरून काढलं. गावात कुणी कुठल्या देवाला काय बोललंय आणि अजून फेडलेलं नाही यावर त्याने मालवणीत जी टोलेबाजी केली, ती नुसती हसवण्यापुरती नव्हती. पुढे सगळा घोळ एका बोललेल्या शब्दापायीच होणार आहे, त्याची ती पेरणी होती. हे जाणून केलं असेल तर व्यवस्थापकाला मानलं पाहिजे.

सव्वा-दीडच्या सुमारास आख्यान सुरू झालं ते कर्ण-धर्मराजाच्या लढाईने. हा निर्णय अगदी बरोबर. जत्रेतल्या प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत एक लढाई लागते, नाहीतर तो खाजं-लाडूंच्या दुकानांकडे वळतो. लढाई पखवाजावर छान बांधली होती. पण तिचं खरं मोल शेवटच्या क्षणात आहे. कर्ण धर्मराजाला गाठतो, खांद्याला हात लावतो आणि मारत नाही, कारण अर्जुन सोडून बाकीच्या चौघांना मारणार नाही असा शब्द त्याने कुंतीला दिलेला असतो. कर्णाचा खलपार्ट करणाऱ्या नटाने इथे हात खांद्यावर ठेवून पखवाज थांबवला, चार श्वास काहीच बोलला नाही आणि मग फक्त ‘जा’ म्हणाला. एक प्रतिज्ञा इथे धर्मराजाला वाचवते. तासाभराने दुसरी त्याच्याच गळ्यावर येणार आहे. हे प्रेक्षकाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही.

आता मुख्य फसगत. सगळं आख्यान ज्या एका ‘तू’वर उभं आहे, तो ‘तू’ आला तेव्हा मांडवात काहीच झालं नाही. कारण तो आधीच दोनदा येऊन गेला होता. अर्जुनाने शिबिरात पाऊल टाकताच म्हटलं होतं, ‘दादा, तू पडून राहा, उठू नकोस.’ त्याआधी रणांगणावर भीमही म्हणाला होता, ‘दादा, तू शिबिरात जा.’ चूक नटांची म्हणावी तर तीही नाही. आपल्या घरांत थोरल्या भावाला मायेने ‘तू’च म्हणतात, आणि जागच्या जागी बोलणाऱ्या नटाच्या तोंडात घरचीच भाषा येते. पण मग कृष्णाने ‘धर्मराजाला तू म्हण’ असं सांगितल्यावर समोरच्या बाईच्या मनात येणार, आत्ताच तर म्हणाला होता की! तासाभराची चढण आणि वर गेल्यावर देऊळच नाही.

उपाय सोपा आहे, फुकटचा आहे, आणि तो आख्यान लावतानाच करायचा आहे. धर्मराजाशी बोलणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे भीम, अर्जुन, द्रौपदी, दूत, सगळ्यांनी, पहिल्या प्रवेशापासून ‘आपण’, ‘महाराज’, फार तर ‘दादासाहेब’ एवढंच वापरायचं. धर्मराजाने मात्र सगळ्यांना ‘तू’ म्हणायचं, तो त्याचा मान. कृष्ण आणि अर्जुन सखे आहेत, त्यांचं आपसातलं ‘तू’ राहू द्यावं. उलट त्याने फरक अधिक उठून दिसतो. शिवाय पहिल्या अर्ध्या तासात एकदा तरी भीमाच्या तोंडून ‘तू’ निसटता निसटता राहिलेला दाखवावा: ‘दादा, तू... आपण आत चलावं.’ एवढ्या एका अडखळण्यात प्रेक्षकाच्या कानाला नियम कळतो. मग कृष्णाची युक्ती ऐकताच त्याचा श्वास अडकेल, तो ‘तू’ कानांवर येईपर्यंत.

आता जे फार सुरेख जमलं त्याबद्दल. दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, येतो तोच पदन्यास करत, बाकड्यावर पाय ठेवून स्वतःची ओळख देत. मी कोण, माझं कूळ कोणतं, माझ्यापुढे त्रैलोक्य कसं थरथरतं. ही या नाटकाची रीतच, आणि प्रेक्षक तिची वाट बघतात. अडचण अशी की याच आख्यानात पुढे आत्मस्तुती म्हणजे आत्महत्या ठरते. अर्जुन प्रवेशालाच पाच मिनिटं स्वतःचे गोडवे गाऊन बसला, तर शेवटच्या आत्मस्तुतीत मरण कुठलं दिसणार? मंडळीने ही अडचण ओळखली होती. अर्जुन आला तो नुसता नमस्कार करून, पदन्यास केला, आणि ओळख करून दिली ती सारथ्याने, म्हणजे कृष्णाने. पुढे पहाटे चार वाजता, पिनाकधारी शंकर सोडला तर माझ्यासारखा धनुर्धारी नाही, असं तो म्हणतो तेव्हा तलवार खाली टेकलेली, नजर जमिनीवर, आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा. राजपार्टाची ठरलेली फुशारकी शिक्षेसारखी बोलली गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली आणि लगेच गप्प झालं. अशी जागा वर्षातून एखाद्याच नाटकात मिळते.

पोटातल्या दोन गोष्टी प्रत्यक्ष प्रवेश करून दाखवल्या, हेही चांगलं. कृष्णाने नुसत्या सांगितल्या असत्या तर पहाटे तीनला अर्धा मांडव झोपला असता. शिवाय मूळ प्रसंगात एकही स्त्री नाही. बलाकाची बायको आणल्याने स्त्रीपार्टीला काम मिळालं. पण दोन्ही गोष्टींची चावी चुकीच्या कुलपाला लावली.

बलाक हा व्याध. म्हाताऱ्या आंधळ्या आईबापांना आणि बायकापोरांना पोसण्यापुरती शिकार करणारा, खोटं न बोलणारा. एक दिवस त्याला पाणी पिणारं एक आंधळं श्वापद दिसतं, तो मारतो, आणि आकाशातून त्याच्यावर फुलं पडतात. का? कारण त्या श्वापदाने तप करून सर्व प्राण्यांचा नाश करण्याचा वर मिळवलेला असतो, आणि म्हणूनच ब्रह्मदेवाने त्याला आंधळं केलेलं असतं. बलाकाला यातलं काहीच ठाऊक नाही. इथे प्रयोगात वराचा भाग गाळला. परिणाम असा की एका आंधळ्या जनावराला मारल्याबद्दल एका माणसाला स्वर्गाचं विमान आलं, एवढंच दिसलं. पुढच्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, ‘त्येका कित्याक मारल्यान?’ आणि त्याचा प्रश्न रास्त होता. त्या वराला दोन वाक्यं पुरतात. नारद नाटकात होताच, त्याच्या तोंडी घालायची.

कौशिकाचं जास्त वाईट झालं. हा ब्राह्मण नद्यांच्या संगमावर, गावाजवळ राहतो. नेहमी खरं बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात. दरोडेखोर येऊन विचारतात, तू सत्यवादी, सांग कुठे गेली? तो खरं सांगतो. माणसं मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. या गोष्टीची सगळी ताकद कौशिक भला असण्यात आहे. मंडळीने त्याला लोभी केलं: दरोडेखोर थैली दाखवतात आणि तो हसत बोट दाखवतो. हशा भरपूर मिळाला. पण लोभी माणूस नरकात जातो हे सांगायला कर्णपर्व कशाला हवं? ते तर शाळेच्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. कौशिकाला प्रामाणिक, सोवळा, शब्दाला जपणारा, अगदी अर्जुनासारखाच करायला हवा, तरच समोर तलवार घेऊन उभ्या अर्जुनाला त्याच्यात स्वतःचा चेहरा दिसेल. विनोद हवाच असेल तर तो दरोडेखोरांकडे द्यावा. ते कितीही वेडेवाकडे चालतील. हास्यपार्टी नटाला कौशिक देऊ नये एवढं पथ्य पाळलं तरी पुरे.

नारदाने सुरुवातीलाच रामाची गोष्ट सांगितली. उत्तरकांडात काळ रामाला भेटायला येतो आणि अट घालतो, आमचं बोलणं जो ऐकेल किंवा पाहील त्याला मृत्यू. दारावर लक्ष्मण. तेवढ्यात दुर्वास येतात आणि आत सोडलं नाही तर सगळ्या कुळाला शाप देईन म्हणतात. लक्ष्मण आत जातो. आता रामापुढे पेच: काळाला दिलेला शब्द पाळायचा आणि भावाला मारायचंही नाही. शेवटी वसिष्ठांच्या सल्ल्याने तो लक्ष्मणाचा त्याग करतो, सज्जनाला त्याग आणि वध सारखेच म्हणून. जोड अचूक आहे, पण जागा चुकली. ‘त्याग म्हणजेच वध’ हे पहिल्या वीस मिनिटांत कळल्यावर कृष्णाची युक्ती कुणाला चकित करणार? हा प्रवेश दोन भावांची गळाभेट झाल्यावर, शेवटच्या दहीकाल्याच्या आधी टाकला तर चटका लावून जाईल, कारण अर्जुनाच्या वेळी भाऊ परत मिळतो आणि रामाच्या वेळी लक्ष्मण शरयूवर जातो तो परत येत नाही.

द्रौपदीला आणलं, पण रडवलं. ही मंडळींची जुनीच खोड आहे. अर्जुन भावाला घालून पाडून बोलताना द्रौपदीचा उल्लेख करतो, त्यामुळे तिला आणायला मूळ ग्रंथात आधार आहे. पण ही बाई सभेत विचारणारी आहे, स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का. वनात ती धर्मराजाशी धर्मावर वाद घालते. तिच्या तोंडी पदं कमी आणि प्रश्न जास्त द्यायला हवे होते. स्त्रीपार्ट करणारा नट उत्तम होता, चाल, मान, हात, सगळं जमलेलं. त्याला तीन पदं मिळाली आणि संवाद जेमतेम सहा. वाया घालवला.

कृष्णाचा उपदेश पंचवीस मिनिटं चालला. त्यात ‘धारणाद्धर्म इत्याहुः’ हा श्लोक चारदा आला आणि अर्थ एकदाही नाही. हा श्लोक याच प्रसंगातला, तेव्हा म्हणायला हरकत नाही. पण धर्म म्हणजे जे समाजाला धरून ठेवतं, सांभाळतं, ते, एवढं मराठीत सांगितलं असतं तर पुढचा युक्तिवाद सोपा झाला असता. खोटं कधी चालतं, जीव जात असताना, लग्नाच्या वेळी, सर्वस्व लुटलं जाताना, ती यादी मात्र नटाने मजेत सांगितली आणि ‘लग्नाच्या वेळी’ म्हटल्यावर मांडवात जी खसखस पिकली ती बघण्यासारखी होती. उपदेश दहा-दहा मिनिटांच्या दोन तुकड्यांत, मधे बलाक-कौशिकाचे प्रवेश टाकून, केला तर उत्तम. या रात्री दोन्ही प्रवेश उपदेशाच्या आधी उरकले होते, त्यामुळे उपदेश उघडा पडला आणि पखवाजवाल्याचं जांभई देणं समोरच्यांना दिसलं.

पखवाजाचं निघालंच आहे म्हणून एक गोष्ट. किनाऱ्यालगतच्या गावांत मार्गशीर्ष-पौषात मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि खारं वारं सुटतं. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ओल धरते, सैल पडते, पखवाज उतरतो. पायपेटीचा सूर मात्र जागचा हलत नाही. पहाटे तीनच्या सुमारास दोघांचं फाटलं ते पाचपर्यंत जुळलं नाही. वाजवणारा लाकडी गठ्ठे ठोकून पखवाज चढवत होता, डाव्या पुडीची कणीक एकदा बदलली, पण वर मंडप उघडा आणि बाजूला पडदा नाही, तर कणीक तरी किती पुरणार? वाजवणाऱ्यांच्या मागे आणि समुद्राच्या बाजूला जाड कापडाची कनात लावावी, खाली गोणपाटावर सतरंजी घालावी आणि पखवाज नुसत्या जमिनीवर ठेवू नये. हे काम गावाचं आहे, मंडळीचं नाही.

माइकही गावाचेच. चार टांगते माइक होते, तीन चालू. ते इतके खाली टांगले होते की कर्णाचा किरीट दोनदा आपटला. माइक किरीटाच्या टोकापासून हातभर वर आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून दोन हात आत असावेत. वारा समुद्राकडून येत असेल तर त्या बाजूच्या माइकला फोमची टोपी घालावी, नाहीतर हळू बोललेलं सगळं घुंघुं करतं. याच आख्यानात सगळ्यांत मोलाची दोन वाक्यं हळू बोलायची आहेत, कर्णाचं ‘जा’ आणि अर्जुनाची आत्मस्तुती. रंगमंच पंधरा बाय वीस फुटांचा पुरतो, पण शिबिराच्या प्रवेशात बाकडं मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवावं. धर्मराज जखमी आहे, पडलेला आहे. तो मधे असला की तलवार घेऊन येणाऱ्या अर्जुनाला फिरायला जागा उरत नाही आणि कृष्णाला मधे पडायला तर नाहीच. या रात्री कृष्ण अक्षरशः बाकड्याला अडखळला.

शेवट घाईत झाला. दोघे भाऊ गळ्यात पडतात, धर्मराज वनात जायला निघालेला असतो (राज्य भीमाला द्या म्हणतो, तेही मूळातलंच), कृष्ण त्याच्या पायांवर डोकं ठेवतो, अर्जुन रडतो. इथे साडेपाच वाजले होते. मंडळीने तरीही कर्णवध घेतला, रथाचं चाक रुतलं, आणि बारा मिनिटांत कर्ण पडला. ज्या नटाने पहिल्या प्रवेशात खांद्यावर हात ठेवून मांडव थांबवला होता, त्याला मरायलाही धड वेळ मिळाला नाही. दोन पर्याय आहेत. आडदशावतार पाऊण तासाचा, आख्यान बरोबर एकला सुरू, मग कर्णवधाला अर्धा तास देता येतो. नाहीतर ‘आज कर्णाला मारल्याशिवाय परतणार नाही’ ही अर्जुनाची नवी प्रतिज्ञा, पखवाजाचा एक तडाखा, आणि थेट आरती-काला. दुसरा पर्याय जास्त नेमका. लढाईच हवी असेल तर ती सुरुवातीला झालेलीच आहे. ज्यांना ट्रिकसीन (रंगमंचावरचे चमत्कार) आणि धुराशिवाय नाटक नाटक वाटत नाही त्यांच्यासाठी हे आख्यान नाही. त्यांनी महिषासुर लावावा, सगळे खूश.

बहुतेक देवळांच्या जत्रांत मंडळी परंपरेने ठरलेली असते, ती बदलता येत नाही. आख्यान मात्र सुचवता येतं, आणि ते निदान पंधरा दिवस आधी सुचवावं. ऐन संध्याकाळी, पेटारे उतरल्यावर आणि आतल्या गणपतीची पूजा झाल्यावर ‘आज अमुक लावा’ म्हटलं तर मंडळी नाही म्हणणार नाही, पण मिळेल ते रोजच्या सवयीचंच. सांगताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: धर्मराजाला कुणी ‘तू’ म्हणायचं नाही, कौशिक लोभी करायचा नाही, बलाकाच्या श्वापदाचा वर गाळायचा नाही. मंडळी मोठी असो की लहान, नऊ नट आणि तीन वाजवणारे एवढ्यात हे आख्यान उभं राहतं. कर्ण आणि भीम करणारे नट मधल्या वेळात दरोडेखोर होतात, कर्णाचा सारथी शल्य करणारा कौशिक. वेश बदलायला मधे दहा मिनिटं मिळतात आणि ती पुरतात. मानधन गावागणिक आणि मोसमागणिक बदलतं, ते थेट व्यवस्थापकाशी ठरवावं, आणि मांडव, वीज, माइक, चहा-जेवण आणि पहाटेच्या आरतीच्या ताटातले पैसे कुणाकडे जाणार हे त्याच बैठकीत बोलून घ्यावं.

हॉलमधल्या अडीच-तीन तासांच्या प्रयोगासाठी हेच आख्यान कापायचं असेल तर बलाक गाळावा, कौशिक ठेवावा. द्रौपदी गाळली तरी चालेल. कर्णाचं ‘जा’ गाळू नये.